वाघजाईला विचारलेले फालतू प्रश्न

संख्याशास्त्रासाठी जगात आजवर अनेकांनी अनेक त्याग केले असतील. आमच्या घरातून भाईकाकांची मिशी गेली.

आता मिशीचा आणि संख्याशास्त्राचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. भाईकाकांनीही तेच विचारलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. (ते शब्द इथे छापता येणार नाहीत. काका उभं आयुष्य बोटीवर होते.)

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी पुण्यात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. परीक्षा संपली, वळकटी बांधली आणि रत्नागिरीच्या एस.टी.त बसलो, ते मनाशी एक भव्य बेत आखूनच. ही सुट्टी वाया घालवायची नाही! पहाटे उठून पोहायचं, सकाळी जर्मन शिकायचं, दुपारी दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आधीच वाचून टाकायची, संध्याकाळी आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत सायकल हाणायची. पहिल्या दिवशी मी उठलो तेव्हा अंगणात ऊन आलं होतं आणि आई माझ्या अंथरुणाभोवती केर काढत होती.

बाकीचा बेत माझ्या मर्जीचा होता, पण एक गोष्ट सक्तीची होती. आमच्या सरांनी शेवटच्या तासाला बजावलं होतं, "सुट्टीत आपापल्या गावी जा आणि स्वतः पाहता येईल, मोजता येईल असं काहीतरी मोजून आणा. पुस्तकातलं नको. ज्याच्याकडे जूनमध्ये आकडे नसतील, त्याने दुसऱ्या वर्षाला माझ्यासमोर बसू नये." सर विनोद करत नसत.

इकडे घरी वडील, म्हणजे आमचे अण्णा. अण्णांचं मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर दुकान होतं. जाळी, दोर, गळ, डांबर, होड्यांना लावायचा रंग, असा सगळा दर्याचा माल. मी आलो त्याच दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला.

"शिकलास तेवढं पुरे नाय झालं?"

"अजून एक वर्ष आहे, अण्णा."

"एका वर्षानं काय होतं?"

"पदवी मिळते."

"एक आहे की. आईनं भिंतीवर लावलीय. दुसरीला खिळा कुठाय?"

"अण्णा, ही मोठी पदवी..."

"मग मोठा खिळा लागेल. हे बघ सुधीर, दुकानात मला घरचा माणूस पायजे. जूनपर्यंत बघू, मग काय ते ठरवू."

म्हणजे माझं दुसरं वर्ष दोन्हीकडून टांगलेलं! आकडे नेले नाहीत तर सर वर्गात घेणार नाहीत, आणि अण्णांच्या मनात आलं तर मी पुण्यापर्यंत पोचणारच नाही. मला तर दुसरं वर्ष हवंच होतं. दोर आणि डांबर यांच्या वासात जन्म काढायच्या कल्पनेनं मला घास गिळवेना. (तरी तीन भाकऱ्या गेल्या. कल्पनेचा परिणाम भुकेवर होत नाही, एवढं मी मोजून सांगू शकतो.)

मोजायचं काय, हा प्रश्न होता. पहिल्यांदा मी लाटा मोजायला गेलो. पण एक लाट कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हेच कळेना. मोजता मोजता डोळा लागला. जाग आली तेव्हा पाणी गुडघ्याला लागत होतं आणि माझी एक चप्पल अरबी समुद्राच्या मालकीची झाली होती.

मग एका सकाळी आईबरोबर वाडीतल्या वाघजाईच्या देवळात गेलो. तिथे एकजण विहीर खणण्याबद्दल कौल लावत होता. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर देवीला विचारतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो. पण त्या दिवशी माझ्यातला संशोधक खाडकन जागा झाला. उजवी की डावी! छापा की काटा! दोन्हींची शक्यता सारखी असते का? वर्गातली निम्मी पोरं नाणी उडवून आणणार. हे मात्र पुण्यात कुणी बापजन्मात मोजलं नसेल!

मी आईला पुढे पाठवलं आणि गुरवाला गाठलं. त्यांचं नाव गोविंदमामा. देवळातला त्यांचा रुबाब कलेक्टरपेक्षा एक पायरी वरचा.

"गोविंदमामा, मला रोज सकाळी थोडे कौल लावून द्याल?"

"कशाचे?"

"कशाचेच नाहीत. नुसते. उजवी पडते की डावी, तेवढंच बघायचंय."

गोविंदमामांच्या बोटांतली तपकिरीची चिमूट नाकाशी जाता जाता थांबली. "नुसते? देवी म्हंजे काय कवायतीला उभी केलीय, डावा-उजवा करायला? प्रश्न पायजे. नारळ पायजे. मग कौल."

"बरं, मग प्रश्न विचारू. यंदा पाऊस वेळेवर येईल का?"

"ते रेडिओला विचार! हितं, 'हे करू का नको' असा प्रश्न लागतोय. देवी काय ते सांगंल आन् माणसानं ते करायचं. मागं फिरायचं नाय."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. संशोधकाचं लक्ष नेहमी त्याला हव्या त्या माहितीकडेच असतं.

सुरुवात मोठी सुखाची झाली. नारळ घरच्या माडांचे होते. मी रोज सकाळी पिशवीभर नारळ घेऊन देवळात बसायचो आणि स्वतःबद्दल काहीबाही विचारायचो. मी डाव्या कुशीवर झोपू का? उजवा. मी केस मागे वळवू का? डावा. मी जर्मन शिकू का? डावा! (मी देवीचे मनापासून आभार मानले आणि जर्मनचं पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकलं.) पण थोड्याच दिवसांत माझे प्रश्न संपले. एका माणसाच्या आयुष्यात विचारण्यासारखं इतकं कमी असतं, हे मला माहीत नव्हतं. आकड्यांची मात्र नुसती सुरुवात झाली होती.

त्या सकाळी मी रिकाम्या डोक्यानं देवीसमोर बसलो होतो. गोविंदमामा पाकळ्या भिजवून तयार.

"बोल लवकर. प्रश्न काय?"

निघताना अण्णा बशीत चहा ओतून भुरके मारत होते, तेवढंच डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, "अण्णांनी चहा सोडावा का?"

गोविंदमामांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, गाऱ्हाणं घातलं, आणि पाकळी चटकन पडली. उजवी.

मी खूश! आणखी एक आकडा मिळाला! फोडलेल्या नारळाची भकलं पिशवीत टाकून रमतगमत घरी आलो, तर बातमी माझ्याआधी पोचली होती. अण्णा ओटीवर बसले होते. समोर चहाची कपबशी, आणि कपावर झाकण.

"सुधीर, तू देवीला माझ्या चहाचं विचारलंस?"

"अहो, ते नुसतं... प्रयोगासाठी..."

"काय म्हणाली?"

"उजवा."

अण्णांनी कपबशी हळूच पुढे सरकवली. दिवसाला डझनभर कप चहा पिणारा माणूस. दुकानात दोराचा भाव सांगण्याआधी गिऱ्हाइकाला चहा पाजणारा!

"अण्णा, पण तो प्रश्न खरा नव्हता हो!"

"नारळ खरा होता ना?"

मी वही काढून त्यात 'उजवा' एवढं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचं डोकं दुखायला लागलं. मी ठरवलं, आता कुणाला त्रास होणार नाही असेच प्रश्न विचारायचे. विचार करता करता मला भाईकाकांची मिशी सुचली. मिशीचं काय, परत उगवते! काका बोटीवरून निवृत्त होऊन शेजारच्याच खोल्यांत राहत. त्यांची मिशी दोन्ही गालांवरून वळसा घेऊन कानांची विचारपूस करायची. तिला तेल लावायला त्यांना स्वतंत्र वेळ लागे.

"भाईकाकांनी मिशी काढावी का?" कौल उजवा पडला.

काका आधी गरजले, मग आरशासमोर मिशीला शेवटचं तेल लावून न्हाव्याकडे गेले. परत आले तेव्हा आमच्या मोत्यानं त्यांना फाटकातच अडवलं. काकी विहिरीवरून येत होत्या. अंगणात परका पुरुष उभा पाहून त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाल्या, "घरात कोणी नाय हो. हे बाहेर गेलेत."

"अगो, मीच तो!"

काकींनी पदराआडून पाहिलं आणि हातातली कळशी खाली ठेवली. मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी पायरीवर बसल्या. "लग्नात अस्से होतात का हो तुम्ही?" काकांनी घरात जाऊन दार लावून घेतलं. त्याच आठवड्यात ते पेन्शनच्या कामाला गेले, तर खिडकीतल्या माणसानं फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि अदबीनं सांगितलं, "थोरल्या भावाला स्वतः यायला सांगा."

तेव्हापासून काका माझ्याशी बोलेनासे झाले. बोलायचंच असलं तर मोत्याशी बोलत. "मोत्या, त्या पुणेकराला सांग, सायकल वाटेतून काढ."

एव्हाना शहाण्या माणसानं हा उद्योग थांबवला असता. पण मला वाटलं, दोन माणसं दुखावली आहेत, तर निदान आईच्या भल्याचं काही विचारावं. "आईनं रोज दुपारी झोपावं का?" उजवा! आईला हे कळल्यावर तिनं देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि जी झोपली ती चहाच्या वेळेपर्यंत. (आता चहा नव्हता, पण वेळ होती.)

"आई, कोकमं उन्हात टाकायची राहिलीत गो."

"देवीची आज्ञा मोडू?"

"पापडांचं पीठ?"

"तूच विचारलंस ना रे? मग तूच मळ."

मी पापडांचं पीठ मळलं. कोकमं वाळत टाकली, परत भरली. आणि खोबरं! रोजच्या कौलातली निम्मी भकलं गोविंदमामांची, निम्मी आमची. आमच्या घरात खोबऱ्याची चटणी, खोबऱ्याच्या वड्या, खोबऱ्याची आमटी, सोलकढी, आणि ते सगळं संपल्यावर परत चटणी. मी झोपेतही खोवणी चालवतो, असं आई सांगायची. (दुपारच्या झोपेत. आता आम्ही ओळीनं झोपत होतो.)

अण्णांची डोकेदुखी वाढली. त्यांनी कॉफी घेऊन पाहिली, कारण कॉफीबद्दल देवी काही बोलली नव्हती. पण ती पिताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की आम्ही दुसरीकडे बघायचो. शेवटी ते एका सकाळी डोक्याला फडकं बांधून आडवे झाले आणि म्हणाले, "दुकान उघड जा."

आणि मी गल्ल्यावर बसलो. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्क तांडेल, होडीवरचे म्होरके. त्यांनी दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

"काय रे पोरा, टिकंल ना?"

आता अण्णा असते तर म्हणाले असते, "तुमचा नातू वापरील!" पण मी शिकलेला.

"टिकण्याची शक्यता बरीच आहे."

"बरीच म्हंजे?"

"म्हणजे असं, की खात्री कुणीच देऊ शकत नाही. शंभर दोर घेतले तर त्यांतले काही तुटणारच. तुमचा दोर त्यांतला आहे की नाही, हे आधी सांगता येत नाही."

तांडेलांनी दोर खाली ठेवला. "मेल्या, मी दर्यात जातंय! तुझ्या शक्यतेला लोंबकळू काय?"

ते समोरच्या दुकानात गेले. त्यांच्यामागून आणखी दोघे गेले. डांबराच्या गिऱ्हाइकाला मी सरासरी समजावून सांगितली, तोही गेला. रंग घ्यायला आलेल्या एका माणसानं विचारलं, "होडीला निळा बरा का हिरवा?" मी म्हटलं, "पुरेशी माहिती नाही." दुपारपर्यंत समोरचा दुकानदार उठून आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "रोज येत जा रे बाबा."

इकडे वाडीत माझं नाव झालं होतं. रोज कौल लागतोय म्हटल्यावर शेजारणींनीही मनातले प्रश्न माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. मी आनंदानं घेतले, आकडेच आकडे! त्यातल्या एकीनं विचारायला सांगितलं, की सासूबाईंनी काही दिवस दुसरीकडे राहायला जावं का? उजवा पडला. संध्याकाळी सासूबाई ट्रंक घेऊन आमच्या ओटीवर हजर. "ज्यानं विचारलं, त्याच्याकडंच राहतंय!" त्या माझ्या खोलीत राहिल्या. मी ओटीवर मोत्याशेजारी.

आणि मग एका सकाळी, मी नारळांची पिशवी उचलत होतो, तेव्हा अण्णा डोक्याचं फडकं सोडून, स्वच्छ धोतर नेसून बाहेर आले. हातात एक सोललेला नारळ.

"आज मी पण येतो."

"तुम्ही?"

"मलाही एक प्रश्न विचारायचाय." आणि आत वळून आईला म्हणाले, "अगो, चल." मग शेजारी हाक मारली, "भाई, तू पण चल."

देवळात पोचल्यावर अण्णांनी गोविंदमामांच्या कानात काहीतरी सांगितलं. गोविंदमामांनी मान हलवली, तपकिरीची एक मोठी चिमूट ओढली, पाकळ्या भिजवून देवीच्या खांद्यांवर चिकटवल्या आणि हात जोडून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं:

"आय माजे वाघजाय! तुझी लेकरं पायाशी आल्यात. ह्यो अण्णाशेटचा सुधीर पुण्याला आणखी शिकाया जायचा म्हंतोय. जावा, तर उजवी दे. दुकानात बसावा, तर डावी दे. काय चुकलंमाकलं आसंल ते पोटात घाल, आन् खरं काय ते सांग!"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा देवीकडे पाहत होते.

पाकळ्या हलेनात.

इतके दिवस कशा पटापट पडत होत्या! त्या दिवशी दोन्ही शिक्का मारल्यासारख्या चिकटून. आई पुटपुटत होती. काका खांबाला टेकून उभे होते. गोविंदमामा म्हणाले, "देवी विच्यार करतेय." आणि मी घाबरून हिशेब करायला लागलो. आदल्या दिवशीचे शेवटचे सगळे कौल उजवे पडले होते. म्हणजे आता डावीची पाळी! वास्तविक असं समजणारा माणूस मूर्ख असतो, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. मागे काय पडलं, याचा पुढच्याशी काही संबंध नसतो. पाकळीला आठवण नसते. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण होते. आणि तरी मी तिथे घामाघूम होऊन उभा होतो आणि छातीत एकच ठोका पडत होता, डावीची पाळी, डावीची पाळी.

मग मी जे केलं, ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, "आई वाघजाई, उजवी पाड. मी शेपूची भाजी सोडतो."

एक डोळा उघडून पाहिलं. काही नाही. बरोबरच होतं, शेपू मी तशीही खात नसे. देवीला काय कळत नाही? "बरं, फणस सोडतो. कापा आणि बरका, दोन्ही." काही नाही. "वड्या सोडतो." (खोबऱ्याच्या वड्या तर मी पैसे देऊन सोडल्या असत्या.) डावी पाकळी जराशी सुटल्यासारखी वाटली! तिची कड उचलली गेली! डोळ्यांसमोर दोर, डांबर, तो तांडेल, सगळं दिसायला लागलं, आणि मी मनातल्या मनातच बोलून गेलो, "हापूस! आई, मी जन्मभर हापूस खाणार नाही!"

त्याच क्षणी गोविंदमामांनी नवी चिमूट काढली आणि तपकीर वाऱ्यानं काकांकडे गेली. एरवी ती मिशीत अडकली असती. आता अडवायला होतं काय? काकांनी तोंड वासलं, खांब धरला, आणि बोटीचा भोंगा वाजावा तशी शिंक दिली. समई फडफडली. आई दचकली.

उजवी पाकळी खाली होती.

"उजवा!" गोविंदमामा ओरडले.

"अहो, पण शिंक आली ना," आई म्हणाली. "अपशकुन झाला. परत लावायला नको?"

खरं तर शास्त्रही तिच्याच बाजूनं होतं. निरीक्षणात बाहेरून व्यत्यय आला, तर ते निरीक्षण टाकून द्यावं. हे मी स्वतः इतरांना समजावून सांगितलं असतं. पण मी दोन्ही हात पसरून देवीच्या आणि आईच्या मधे उभा राहिलो आणि ओरडलो, "पडली म्हणजे पडली! परत नाही! शिंक तरी कुणी दिली? देवीनंच दिली!"

गोविंदमामांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. "पोरगा शिकला," ते आईला म्हणाले.

परत येताना आई आणि काका पुढे गेले. मी आणि अण्णा मागे राहिलो. मला रडू येतंय की हसू, तेच कळत नव्हतं. अण्णांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि एकदम मोठ्यानं सुस्कारा सोडला.

"सुटलो बाबा!"

"कोण? मी?"

"मी!" अण्णा म्हणाले. "अरे, त्या तांडेलानं सगळ्या मिरकरवाड्यात सांगितलंय, अण्णाशेटचा मुलगा दोर विकत नाय, तुटल्याची भविष्यं सांगतो म्हणून. तू वर्षभर गल्ल्यावर बसलास तर मला दुकानाला कुलूप लावायला लागेल. मी सारखा म्हणत होतो, देवी, उजवी पाड, पुण्याला धाड ह्याला!"

मी जागच्या जागी थांबलो. "मग विचारलंतच कशाला?"

"आईला वाटत होतं, तू घरी राहावंस. तिची समजूत कोण घालणार? मी का देवी?"

"आणि अण्णा, डावी पडली असती तर?"

"तर देवीची खणानारळानं ओटी भरली असती, पाया पडून माफी मागितली असती, आणि तुला गाडीत बसवून दिला असता."

"पण देवीची आज्ञा मोडून?"

"चहा सोडला ना मी तिच्यासाठी?" अण्णा म्हणाले. "तिलापण थोडं समजून घ्यायला लागेल." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात ते फारसा ठेवत नसत. मला फार बरं वाटलं. म्हणजे दुसरं वर्ष माझंच होतं, पाकळी कुठलीही पडो! या आनंदात मी चार पावलं चाललो, आणि मग मला माझा नवस आठवला.

घरी पोचलो तर आईनं डोळे पुसले होते आणि पुण्याला जायचा मुलगा म्हणून अढीतले निवडक हापूस कापून ताटात मांडले होते. घरभर घमघमाट!

"घे रे. घे ना!"

"नको गो आई. पोट भरलंय."

रत्नागिरीत, मे महिन्यात, माणूस हापूसला नको म्हणाला! आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुण्याला जाऊन सरांना आकडे दिले. सर चक्क हसले. उजव्या आणि डाव्या पाकळीची शक्यता अगदी सारखी असते आणि मागणाऱ्याच्या इच्छेचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही, असा ठाम निष्कर्ष मी शेवटी लिहिला होता. पुढे मी कॉलेजात संख्याशास्त्रच शिकवलं. पाकळीला आठवण नसते, हे मी पिढ्यान् पिढ्यांच्या डोक्यात भरवलं.

आणि हापूस खाल्ला नाही. म्हणजे विश्वास वगैरे काही नाही हो! पण उगाच कशाला?

पंचाईत होते ती मे महिन्यात. ज्या घरी जावं तिथे आमरसाची वाटी पुढे येते. रत्नागिरीचा माणूस म्हणून आग्रहही जास्त. आता संख्याशास्त्राचा प्राध्यापक, एका पाकळीसाठी नवस बोलून बसलाय, आणि तोही विनाकारण, हे चारचौघांत सांगणार कसं? म्हणून मी सांगतो, मला मधुमेह आहे.

मग यजमानीणबाई हळहळतात, आमरसाची वाटी उचलून आत नेतात, आणि माझ्यासाठी मुद्दाम ताजा कारल्याचा रस काढून आणतात. पेलाभर. तो मला सगळ्यांसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत प्यावा लागतो!